शेंदराच्या आतला माणूस

राहुरीकडून मुळेच्या काठाने येणारी गाडीवाट जिथे आमच्या बोरखडीकडे वळते, तिथे वेशीवर, चिंचेखाली पाच वीरगळ उभे आहेत. कधीकाळी गावासाठी लढून मेलेल्या माणसांचे हे दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा आणि सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला वीर. लहानपणी आम्ही त्यांना दप्तरं टेकवून चिंचा पाडत असू. पुढे पुण्याला भूगर्भशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले, तेव्हा कळलं की असे दगड बघायला लोक लांबून येतात. मी मात्र त्यांच्या सावलीत बसून नुसते पाढे पाठ केले होते.

१९४५च्या ऑक्टोबरात ती कसर भरून काढायचं मी ठरवलं. तेव्हा मी नगरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. दसऱ्याची सुट्टी लागली आणि मी टेप, खडू आणि घरातला आरसा घेऊन चिंचेखाली ठाण मांडलं. झिजलेलं कोरीवकाम समोरून दिसत नाही. पण आरशावर ऊन घेऊन ते दगडावर आडवं सोडलं, की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. सपाट वाटणाऱ्या दगडातून घोडा निघतो, ढाल निघते, गाईंचा कळप निघतो. पहिला घोडा निघाला तेव्हा मी आरसा जरासा हलवला आणि घोडाही हलला.

दोन दिवसांत अर्धं गाव गोळा झालं.

"ती गाय बघ, वासराकडं वळून बघती हाय," डोक्यावरची मोळी खाली टाकून एक बाई म्हणाली. "इतकी वर्सं हितं बसतो, आन आज दिसली."

"आरसा कुणाचा म्हनायचा?" रंगनाथ गुरवाने विचारलं. त्या दगडांचं तेलपाणी त्याच्या घराकडे होतं.

"आमच्या घरातला."

"मग मास्तर दाडी कशात करत्यात?"

माझे वडील, योसेफ मास्तर, मिशनच्या शाळेत शिकवत. ते मागेच उभे होते. गालावरच्या खुंटांवरून हात फिरवत ते म्हणाले, "चर्चमध्ये कुणी विचारलं, तर ही हन्नी माझी मुलगी नाही." आणि आरसा धरायला स्वतःच पुढे आले.

चार दगड असे बोलते झाले. पाचव्यापुढे आरशाचं काही चालेना. तो सगळ्यात मोठा, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदूर-तेलाने त्याचा नुसता तांबडा गोळा झाला होता. गावातला माणूस पलटणीत जायला निघाला, की त्याची आई या वीराला शेंदूर लावून म्हणे, "हाती दिला." माणूस परत आला, की त्याने आधी या दगडाला मिठी मारायची, मगच घराचा उंबरा ओलांडायचा. लढाई संपल्यावर एकेक जण येऊन मिठी मारून गेला होता. मनकर्णामावशीचा गहिनीनाथ तेवढा राहिला होता. तो ब्रह्मदेशात खेचरांच्या पलटणीत होता. उन्हाळ्यात सरकारकडून पत्र आलं, की तो बेपत्ता आहे. तेव्हापासून मावशी दर अमावास्येला शेंदूर घेऊन येत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, त्या पाचव्या दगडातून वाळलेलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. आम्ही सगळे बघत असतानाच शेंदराचं ते कवच अखंड सुटलं आणि घसरत येऊन गवतावर उताणं पडलं.

"वीरानं कात टाकली," रंगनाथ हळूच म्हणाला.

कवचाखालचा दगड नवाकोरा होता. ना ऊन लागलेलं, ना पाऊस. कमरेचा शेला, गळ्यातली माळ, पायातला तोडा, मिशीचा पीळ, सगळं काल कोरल्यासारखं. उजव्या हातात तलवार घेऊन वीर पुढे निघाला होता आणि डावा हात त्याने मागे केला होता. त्या हाताची बोटं काहीतरी धरल्यासारखी मिटली होती. पण धरलेलं काहीच नव्हतं. त्याच्या मागे सपाट दगड, आणि त्यावर पाथरवटाच्या छिन्नीच्या सारख्या अंतरावरच्या चिरा. तिथून काही तुटलं असेल अशी खूण नव्हती. मी बोटांनी चाचपून पाहिलं.

लोकांत कुजबुज सुरू झाली. एक पोरगा अजून बाहेर असताना कात पडली, म्हणजे वीराने हात सोडला. मावशी तिथेच उभी होती. तिला ऐकू जात होतं.

"सूर्य बुडायच्या आत हे डोहात सोडाया पायजे," रंगनाथ म्हणाला. "आन पालथं न्यायचं. आतलं कुणी बघायचं न्हाई."

मी तोवर आत बघितलं होतं. आतून ते कवच म्हणजे साचा होता. पहिल्यांदा शेंदूर लागला त्या दिवशीचा वीर त्यात उलटा उमटून राहिला होता. यात प्लॅस्टर ओतलं तर तो जसाच्या तसा हातात येईल, हे मी एका दमात सांगितलं.

"त्येच्या हातात काय हुतं, ते दिसंल?" मावशीने विचारलं.

"दिसेल, मावशी."

"मग घेऊन जा."

"मनकर्णे, रीत हाय ती," रंगनाथ म्हणाला.

"ज्येचा मानूस भाईर, त्येची रीत. तुजं कोन हाय भाईर?"

रंगनाथने मान खाली घातली. "सकाळी नेतो," एवढंच म्हणाला.

कवच आम्ही शाळेच्या ओसरीवर आणलं. दवाखान्यात हाडं बसवायला वापरतात तो प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा डबा वडिलांनी सायकलवरून आणून दिला. ओतण्याआधी मी आरशाने साच्यात ऊन सोडलं. साच्यात खोलगट ते उंच दिसावं म्हणून उजेड उलट बाजूने घ्यावा लागतो. मी आरसा फिरवला आणि वीर उभा राहिला.

त्याच्या मागे आणखी एक माणूस होता.

वीराने त्याचं उजवं मनगट धरलं होतं. अंगाने बारीक, डोक्याला मुंडासं नाही, डावा हात छातीवर ठेवलेला. मी धावत वेशीवर गेले आणि दगड पुन्हा पाहिला. तिथे छिन्नीच्या चिरा होत्या, बाकी काही नव्हतं. जे दगडावर नाही ते साच्यात येऊ शकत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही मी धावत परत आले, कारण मला ते हातात घेऊन बघायचं होतं. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालाचाही झाला नव्हता.

साचा नीट तपासला. एक उणीव दिसली. त्या माणसाच्या छातीवरच्या हाताला चारच बोटं होती. करंगळीच्या जागी शेंदूर सपाट होता. साच्यात कधीतरी भर पडून ती बुजली असणार, असं मी धरलं. असं काही बुजलं, की ते मोकळं करून घेतात. मी चाकूच्या टोकाने करंगळीची खाच कोरायला घेतली. शेवटी चाकू सटकला. खाच हवी त्यापेक्षा लांब गेली आणि माझ्या उजव्या अंगठ्यावर तिरका काप बसला. मी अंगठा तोंडात धरून खाच पाहिली. करंगळी मधल्या बोटाएवढी झाली होती, सरळसोट. चालेल, म्हटलं. एवढ्याशा आकृतीत कोण बघतंय.

प्लॅस्टर कालवलं, ओतलं. घट्ट होताना प्लॅस्टर तापतं, हे मी वर्गात मुलींना शिकवते. तरी कवचावर हात ठेवला आणि चटकन उचलला. ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखं ते लागलं.

सकाळी प्लॅस्टरचा ठसा अलगद सुटला. कवचातलं तेल पिढ्यान्‌पिढ्यांचं, कुठे जराही चिकटला नाही. रंगनाथ कवच पालथं घालून डोहाकडे घेऊन गेला. मी ठसा उभा केला. पांढराशुभ्र, रेघन्‌रेघ उठलेली. त्या दुसऱ्या माणसाच्या छातीवर, हाताच्या जरा वर, एक खोल भोक तेवढं राहिलं होतं. ओतताना हवेचा बुडबुडा अडकला की असं होतं. मी चिमूटभर प्लॅस्टर ओलं करून भोकात भरलं आणि अंगठ्याने दाबलं. अंगठ्याच्या रेषा त्यावर स्वच्छ उमटल्या, मधल्या तिरक्या कापासकट. मला हसू आलं. चित्रकार कोपऱ्यात सही करतात, तशी ही माझी सही. ती मी पुसली नाही.

दसऱ्याचं सोनं वाटायला निघालेलं गाव आधी शाळेच्या ओसरीवर आलं. मावशीला सगळ्यांनी पुढे केलं. ती ठशापुढे बसली. तिने वीराच्या हाताला हात लावला, मग त्या दुसऱ्या माणसाच्या कानाला, खांद्याला. तिचे ओठ हलत होते. मग तिची नजर त्याच्या हातावर गेली आणि ती थांबली.

"ह्यो माझा गहिनी न्हाई."

"का, मावशी?"

"त्येला डाव्या हाताला करंगळी न्हाई. पलटनीत जायच्या आदल्या साली कडबा तोडताना गेली. तू तवा पुन्याला हुतीस." ती उठायला लागली. "ह्यो दुसऱ्याच कुनाचा तरी हाय."

मी ओरडलेच, "मावशी, थांब. ते बोट मी केलंय. साच्यात चारच होती. मला वाटलं बुजलंय, म्हणून मी चाकूने कोरलं. हा बघ माझा अंगठा."

तिने माझा कापलेला अंगठा पाहिला. मग ठशातला हात पाहिला. मग ती हसली. मोठ्याने हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

"मग धरलाय की त्यानं. घट धरलाय," ती सगळ्यांना सांगत सुटली. "हन्नीनं बगितलं, माझ्या पोराला वीरानं धरलाय."

त्या दिवशी आम्ही ख्रिस्ती घरंसुद्धा वेशीवर गेलो. कुणी वीराला आपट्याची पानं दिली, कुणी नुसतं बघितलं. वडील मला म्हणाले, "दगडावर नसलेला माणूस साच्यात कसा, ते सांग." मी म्हटलं, सांगते. अजून सांगितलेलं नाही.

नाताळच्या सुट्टीत मी घरी होते. ऐन सकाळी वेशीकडून गलका आला. मी पोहोचले तेव्हा खाकी कपड्यांतला एक माणूस पाचव्या दगडाला मिठी मारून उभा होता. बराच वेळ त्याने मिठी सोडली नाही. गहिनीनाथच होता. रंगनाथ रडत होता.

"कुठं हुतास रं?"

"ठावं न्हाई, काका. खेचरं पुढं हुती, मी मागं. मोठा आवाज झाला. मग कुनीतरी मनगट धरून चालवत हुतं. लई दिवस. मग दवाखान्यात जाग आली."

"जखम कुठं झाल्ती?"

"डाक्टरला कायबी सापडलं न्हाई."

सगळी त्याच्यामागून घरापर्यंत गेली. मीही गेले. मावशीने उंबऱ्यात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मग तो अंगणातल्या दगडावर हातपाय धुवायला बसला. तिने तांब्या दिला. त्याने तो डाव्या हाताने घेतला.

चार बोटं तांब्याभोवती वळली. पाचवं वळलं नाही. ते सरळ बाहेर राहिलं. मधल्या बोटाएवढं लांब. त्याला पेर नव्हतं.

अंगणात बोलणं चालूच होतं. बाकी कुणी पाहिलं नसावं. मावशीने पाहिलं. तिने पदर पुढे ओढला, दोन पावलं मागे येऊन माझ्याजवळ उभी राहिली आणि पोराकडेच बघत हळू आवाजात म्हणाली,

"हन्ने, तू आनखी काय काय केल्तंस त्येच्यात?"

गहिनीनाथने सदरा काढला होता आणि तांब्या डोक्यावर ओतत होता.

पाणी गळ्यावरून छातीवर आलं. डाव्या बाजूला एका जागी ते दुभंगलं आणि कडेकडेने खाली गेलं.

ती जागा तळहाताएवढी होती. पांढरी आणि कोरडी. तिच्यावर नांगराच्या तासांसारख्या गोल वळत गेलेल्या रेषा होत्या, आणि त्या सगळ्यांना छेदून जाणारी एक तिरकी रेघ.

मी अंगठा मुठीत घेतला. तो काप केव्हाच भरला होता.