दुसरीच्या वर्गातली शांतता

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचा एक शब्द घातलेला नाही. उलट काही गोष्टी लिहायची हिंमत होत नाही, म्हणून कमीच लिहितेय.

मागच्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा नुकती उघडली होती. आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपारची होती.

मी गंधाली. रायपूरला गुढ़ियारीत राहते. अभनपूरच्या पुढे एका लहानशा गावात चर्च आहे आणि त्याच आवारात शाळा. तिथे मी दुसरीला शिकवते. गावाचं नाव सांगत नाही. नोकरी अजून तिथेच आहे.

त्या दिवसांत मी फार थकलेली होते. सासूबाईंना लकवा झालेला. रात्रभर त्यांची कूस बदलून द्यावी लागायची. नवरा, शिशिर, रेल्वेत. त्याची बहुतेक नाईट ड्यूटी. सकाळी सासूबाईंचं सगळं, मग डबे, मग बस, मग शाळा.

"तू थोडी झोपत जा ना," तो म्हणायचा.

"कधी झोपू? तूच सांग."

तो डबा उचलून ड्यूटीवर निघायचा.

माझा वर्ग म्हणजे आवारातली सगळ्यात जुनी खोली. चर्चच्याही आधीची. जाड भिंती, लहान खिडक्या. उन्हाळ्यातही आत गारवा.

त्या दुपारी डबे खाऊन मुलं चित्रं काढत होती. दुसरीची पोरं, म्हणजे नुसता कल्ला. "मैडम, इसने मेरा रबर ले लिया!" "मैडम, पानी पीने जाऊँ?"

मी खुर्चीत टेकले. डोळे मिटले. क्षणभरच...

जाग आली ती आवाजानं नाही.

आवाज नव्हता म्हणून.

डोळे उघडले. सगळी मुलं ओळीत ताठ बसलेली. प्रत्येकाचं बोट ओठांवर. कोणी हलत नव्हतं. खोकत नव्हतं.

खिडकीतलं ऊन केव्हाच उतरून गेलेलं. बाहेर पटांगण रिकामं.

दारात देवीदासभाऊ उभे होते. शाळेची व्हॅन तेच चालवतात.

"मॅडम, छुट्टी होऊन किती वेळ झाला! पोट्ट्यायले काहून सोडून नाही राहिल्या? मी हाका मारून थकलो. एक पोट्टा जागचा हालून नाही राहिला."

मी मुलांना विचारलं, "घंटी बजी थी ना? फिर गए क्यों नहीं?"

पहिल्या बाकावरच्या पिंकीनं हळूच बोट खाली घेतलं.

"सिस्टर ने बोला, मैडम बहुत थकी हैं. सोने दो."

"कौन सी सिस्टर?"

तिनं माझ्या खुर्चीच्या मागे बघितलं.

मागे भिंत होती.

"वही... जो आपके सिर पे हाथ फेर रही थीं."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या हेडमिस्ट्रेसकडे गेले. सिस्टर लुसीना. वाटलं, झोपले म्हणून रागावतील. पण त्यांनी आधी ऑफिसचं दार लोटून घेतलं.

"सिर पे हाथ रखा था?" एवढंच विचारलं.

मी मान हलवली. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी मराठीत लिहिते.

गावात चर्च नव्हतं तेव्हा फक्त ती खोली होती. मातीची, वर कवेलूंचं छप्पर. रविवारी तिथेच प्रार्थना, बाकी दिवस शाळा. शिकवायला एकच, सिस्टर अनास्तासिया. एका वर्षी गावात हैजा, म्हणजे कॉलरा, पसरला. सिस्टर रात्री घरोघरी जाऊन रोगी सांभाळायच्या आणि दिवसा मुलांना शिकवायच्या. मदतीला कोणीतरी पाठवा, असा निरोप त्यांनी मिशनच्या वरिष्ठांना कितीदा धाडला. दर वेळी उत्तर एकच. पुढच्या महिन्यात पाठवतो.

एका दुपारी त्या मुलांना म्हणाल्या, "ओठांवर बोट ठेवा. मी जरा डोळे मिटते."

त्या उठल्याच नाहीत.

मुलं तशीच बसून राहिली. अंधार पडल्यावर आईबाप कंदील घेऊन शोधत आले, तरी बोटं ओठांवरच. सिस्टरांनी उठा म्हटलंच नव्हतं ना...

"मग ती खोली बंद का नाही केली?" मी विचारलं.

"जगह कहाँ है?" सिस्टर लुसीनांचा आवाजही दमलेला होता. "और वो किसी का बुरा नहीं चाहतीं, गंधाली. बस, थके हुए को सुला देती हैं."

पुढे त्या म्हणाल्या, "तुमच्या कितीतरी आधी एक मॅडम होत्या त्या वर्गावर. त्यांनाही झोप लागली होती."

"मग?"

त्यांनी गळ्यातल्या क्रूसाला हात लावला.

मी वर्गातली खुर्ची बाहेर काढली. दिवसभर उभं राहून शिकवू लागले. बरेच दिवस काही झालं नाही.

मग डिसेंबरात एकदा सासूबाईंना रात्रभर ताप होता. डोळ्याला डोळा लागला नाही. शाळेत आले तेव्हा पाय माझे नव्हतेच. दुपारी फळ्यावर वजाबाकी लिहिता लिहिता भिंतीला टेकले...

आधी शेवटच्या बाकावरचा आवाज गेला.

मग मधल्या बाकांवरचा.

मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येईना.

माझ्या कपाळावर एक हात आला. गार. खरखरीत. ताप बघायला आई ठेवते ना, तसा.

कानाशी कोणीतरी म्हणालं, "बस, बेटी. अब मैं देख लूँगी."

खरं सांगते, ओरडावंसं वाटलं नाही. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सासूबाई, शिशिर, घर... सगळं लांब लांब जात होतं. मी जाऊ देत होते.

तेवढ्यात कोणीतरी भोकाड पसरलं.

भार्गव. त्याच आठवड्यात आलेलं नवं पोर. त्याला लघवीला जायचं होतं, आणि बाजूच्या मुलांनी त्याला धरून ठेवलं होतं. तो लाथा झाडत, गळा फाडून रडत होता.

घड्याळाची टिकटिक परत आली. मी फरशीवर पडलेली होते. हातपाय बर्फासारखे. श्वास घ्यायला छाती उचलेना.

दवाखान्यात नाडी बघून डॉक्टरनं शिशिरला विचारलं, "ह्यांनी झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या का?"

मी काहीच घेतलं नव्हतं. शिशिर तिथेच बाकावर बसून रडला. त्यानं सासूबाईंसाठी रात्रीची बाई ठेवली, ड्यूटी बदलून घेतली. आता मी झोपते.

दुसरीचा वर्ग व्हरांड्यात हलवला. सिस्टर लुसीनांनी त्या खोलीला स्वतः कुलूप घातलं.

सगळं ठीक आहे. असंच म्हणायचं.

पण दुपारी पाणी प्यायला जाताना त्या दारापाशी माझे पाय आपोआप थांबतात. बरोबरच्या मॅडम विचारतात, "भीती वाटते का हो?"

मी हो म्हणते.

तसंच सांगितलेलं बरं...