धरमसिंगांची साखर

माझं काम लेपाचं. शरीरात बाहेरची कुठलीही वस्तू गेली की रक्तातली प्रथिनं तिला चिकटतात, मागोमाग पेशी येतात, आणि काही दिवसांत सेन्सर आंधळा होतो. यवतमाळच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी असं पॉलिमर तयार करत होतो, की त्यावर काहीच चिकटू नये. दंडावर लावायचा रुपयाएवढा साखरेचा सेन्सर. त्याची केसासारखी तार कातडीखाली जाते. त्या तारेवर माझा लेप.

रीतसर परवानगी घेऊन नेरजवळच्या एका बंजारा तांड्यावर आम्ही नऊ जणांना सेन्सर लावले. त्यांत धरमसिंग होते. एकसष्ट वर्षांचे, जुने मधुमेही, मिस्कील. "सर, आता चोरून गूळ खाल्ला तं तुमाले समजन," असं म्हणाले होते.

सहाव्या दिवशी ते शेतात छाती धरून खाली बसले आणि गेले. त्यांच्या बायकोनं, बिजलीबाईंनी, अग्नी देण्याआधी दंडावरचा सेन्सर काढला आणि रुमालात बांधून माझ्या हाती दिला.

सूक्ष्मदर्शकाखाली तार स्वच्छ होती. इतकी, की मला आनंद झाला आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. सेन्सर डबीत घालून मी प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सेन्सरचे आकडे ज्यावर येत त्या नोंदींच्या फोनवर धरमसिंगांच्या नावापुढे आकडा दिसला. १३२.

कोरड्या तारेतून खोटे आकडे येतात, पण ते भरकटतात. हे तसे नव्हते. साडेअकरानंतर चढत, दीडपर्यंत उतरत. संध्याकाळी पुन्हा तेच. मी तार स्पिरिटनं धुतली. त्यानं साखर ओळखणारा थरच मरतो. तरी आकडे येत राहिले. माझं स्वतःच्या जेवणावरचं लक्ष उडालं. साडेअकरा वाजले की हात फोनकडे जाई. बुधवारी आकडा २४८ वर गेला. गुरुवारी मी तांड्यावर पोचलो.

"याडी," मी म्हणालो. तिथं आईला याडी म्हणतात. "काल काय केलतं जेवाले?"

बिजलीबाई ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही. "शिरा. त्यायले आवडते. रोज ताट ठेवतो मी, त्यायच्या बाजेपाशी. काल जास्तच गोड झालता."

त्यांनीच विचारलं, "वाढली काय साखर?"

खोटं बोलता आलं असतं.

"हाव. लय वाढली."

"मंग गोड बंद करतो."

शुक्रवारी आकडा १३० च्या वर गेला नाही. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिलो. हे सांगायचं कोणाला, हेच कळत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला फोन वाजू लागला. साखर कमी झाल्याचा इशारा. ६१. मग ५७. बिजलीबाईंचा मोबाइल बंद होता. माणूस मेलेला आहे, असं मी स्वतःला मोठ्यानं बजावलं आणि तरी तो फोन खिशात टाकून मोटारसायकल काढली. वाटेत फोन वाजला नाही. घराचं लोटलेलं दार उघडलं, तसा खिशात पुन्हा वाजला.

बिजलीबाई तापानं फणफणल्या होत्या. "कालपासून उठताच येऊन नाही राह्यलं," त्या पुटपुटल्या. "त्यायचं ताट राह्यलं, सर."

मी दवाखान्याची गाडी बोलावली. नेरहून यायला तिला अर्धा तास लागणार होता. फोन वाजतच होता. ५२.

टोपलीत शिळी भाकर होती, डब्यात गूळ. दोन्ही ताटात घेतलं, रिकाम्या बाजेपाशी ठेवलं आणि मागे सरकून भिंतीला टेकलो.

५२.

५५.

६८.

"जेवून राह्यले काय?" बिजलीबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

भाकर अख्खी होती. गुळाचा खडाही जागचा हलला नव्हता.

"हाव," मी म्हणालो.

९१. फोन शांत झाला. मी कपाळावरचा घाम पुसला, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. सेन्सर यवतमाळला होता, कुलूपबंद कपाटात. आणि हा फोन सेन्सरपासून वीस फुटांपलीकडे नेला, की त्यावर आकडे येत नाहीत.

बाज माझ्यापासून चार फुटांवर होती.