सव्वासातची लाइन

भातकुलीत त्या रात्री लाइन गेली तेव्हा आठ वाजून गेले होते. खुशालराव मास्तरांच्या ओट्यावर चार-पाच जवान पोरं बसली होती. घरात अंधार झाला तसा त्यातला चंद्रभान उठला.

"मास्तर, फ्यूज उडला असन. जाड तार घालून देतो, मंग उडनारच नाई."

"बस खाली," मास्तर म्हणाले. "फ्यूज उडते म्हणून मानूस वाचते. सकाळी वायरमन येईन, तोवर कंदील पुरे. दर्यापूरचा पुंजाजी वायरमन माह्या चांगल्या ओळखीचा. पाच वर्सं झाली, त्याच्यावर जे गुजरलं ते त्यानं मले सोता सांगतलं. अन् तो खोटं बोलनारा मानूस नाई."

चंद्रभान बसला. मास्तरांनी कंदिलाची वात खाली केली आणि सांगायला सुरुवात केली.

तारीख होती एकोणीस ऑगस्ट, एकोणीसशे चौसष्ट. श्रावणातला बुधवार. दर्यापुरात आठ दिवसांपासून झड लागलेली होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास पाऊस जरा थांबला, तेव्हा पुंजाजीनं पिशवीत पक्कड, टेस्टर आणि दोन वायरी जोडलेला होल्डर-बल्ब टाकला, पायात रबरी बूट चढवले आणि सायकलवर टांग मारली. गावाच्या कडेला महादेवरावांचं घर होतं. तिथून सकाळीच निरोप आला होता, रोज संध्याकाळी सव्वासातला घरातली लाइन जाते, येऊन पाहून जा.

पुंजाजीला त्यात काही नवल वाटलं नाही. झडीच्या दिवसांत भिंती ओलावतात, कुठंतरी जोड भिजतो, फ्यूज उडतो. पण महादेवरावांनी ओसरीवरूनच सांगितलं, "फ्यूज उडत नाई. मेन स्विचचा दांडा खाली पडते."

"आपोआप?"

"तेच तर पाहाले बोलावलं तुमाले."

मेन स्विच मागच्या दाराजवळच्या बोळीत होता. बिडाची जड पेटी, बाजूला लोखंडी दांडा. वर केला की चालू, खाली ओढला की बंद. पुंजाजीनं तो चार वेळा वर-खाली करून पाहिला. आतली स्प्रिंग इतकी ताठ होती की मनगटाला जोर द्यावा लागत होता. हा दांडा आपोआप पडणं शक्य नव्हतं. त्याला धक्का लागूनही तो पडला नसता. तो कोणीतरी ओढत होतं.

घरात माणसं तीन. महादेवराव, त्यांचा धाकटा भाऊ नत्थुजी, आणि महादेवरावांची बायको जमुना. ही दुसरी. पहिली कौशल्या वर्षामागं आषाढात वारली होती. जमुनाचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. दिवसभर ती शेतात राबायची, म्हणून धुणं दिवेलागणीला धुवायची आणि मागच्या टिनाच्या पडवीखाली तारेवर वाळत घालायची. तिथं जाण्याची वाट त्याच बोळीतून होती.

महादेवरावांनी आवाज खाली आणला. "मले वाटते तेच करून राहिली. तिले इथं करमत नाई. आज डोयानं पाहून घ्या. तिचा हात दिसला, की उद्या तिले माहेरी नेऊन घालतो. मंग वापस आनत नाई."

जमुनानं ते ऐकलं असावं. पुंजाजी बोळीत उभा होता तेव्हा ती दारातून म्हणाली, "दादा, मी नाई करत. मी तं बाहेर असतो. मले नुसता खटका आयकू येते."

"तुमाले कोनाचा संशय हाये?"

तिनं ओसरीकडं एकदा पाहिलं. तिथं नत्थुजी भिंतीला टेकून बसला होता. पुंजाजी आल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. वायरमन काय करतो, कुठं हात लावतो, यावर मात्र त्याचं बारीक लक्ष होतं.

पुंजाजीच्या मनानं घेतलं, हा याच माणसाचा खेळ. नव्या वहिनीला घराबाहेर काढायचं असेल. त्यानं दोघा भावांना सांगितलं, तुम्ही ओसरीतून हलायचं नाही. जमुनाला सांगितलं, तुम्ही रोजच्यासारखं काम करा. आणि स्वतः मेन स्विचसमोर उभा राहिला. बोळीतून दोन्हीकडचं दिसत होतं. एकीकडं ओसरीत दोघं भाऊ, दुसरीकडं पडवीत जमुना.

सात वाजून दहा मिनिटं झाली. पुन्हा भुरभुर सुरू झाली.

जमुनानं न्हाणीतला दिवा लावला. न्हाणी परसाच्या टोकाला होती. तिथवर गेलेली वायर टिनाच्या कडेकडेनं नेली होती. जमुनानं पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकलं. अनवाणीच निघाली. पडवीत पाणी साचलं होतं.

पुंजाजीनं दांडा मुठीत धरला. म्हटलं, आता ओढो कोण ओढतो ते.

ओसरीत दोघं भाऊ जागच्या जागी होते. त्यानं मोजले. दोन.

जमुना तारेजवळ पोचली. हात वर केला...

त्याच्या मुठीवर दुसरी मूठ आली.

ओली. गार. त्यानं खाली पाहिलं. स्वतःचाच हात दिसत होता. दुसरं काही नव्हतं. पण बोटांवर बोटं दाबली जात होती. जोरानं. खाली.

त्यानं सगळा जोर लावला. वर रेटलं.

खटका वाजला.

अंधार झाला.

टिनावर पाऊस वाजत होता. मुठीवरचा दाब हळूच सुटला. मागच्या दाराकडं काहीतरी गेलं, असं पुंजाजीला वाटलं. पावलं नव्हती. नुसता ओल्या कपड्याचा वास...

"गेली ना लाइन?" बाहेरून जमुना म्हणाली.

पुंजाजी म्हणाला, "वहिनी, हात खाली घ्या. कशाले शिवू नका. आहे तशा घरात या."

ती आली. त्यानं बॅटरी लावली. दांडा खाली होता आणि त्याची मूठ अजून त्यावर होती. पण डोकं त्याच्या कामाकडं वळलं. ज्या घडीला ही बाई तारेला हात लावणार, त्याच घडीला लाइन जाते. रोज. मग दांड्याचं काय ते नंतर, आधी ती तार पाहायला हवी.

त्यानं सगळ्यांना ओसरीत थांबवलं आणि मेन पुन्हा चालू केला. या वेळी दांडा मुकाट्यानं वर राहिला. परसात जाऊन त्यानं लोखंडी सब्बल ओल्या जमिनीत खोवली. होल्डरची एक वायर सब्बलीला बांधली. दुसरीचं टोक पकडीत धरून धुण्याच्या तारेला टेकवलं.

हातातला बल्ब लागला.

पिवळा, मंद. पण लागला. महादेवराव दारातून पाहत होते. दिवा लागतो तेवढी लाइन कपडे वाळत घालायच्या तारेत होती. ती तार टिनाच्या आकड्याला बांधलेली होती, आणि न्हाणीच्या वायरीचं रबर टिनाच्या धारेवर घासून फाटलं होतं.

पुंजाजीनं मेन बंद केला. चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला आणि खिशात घातला, म्हणजे कोणी चुकून चालू करू नये. मग विचारलं, "ही वायर कोनं ओढली?"

"म्या," नत्थुजी म्हणाला.

"कौशल्याबाई कुठं वारल्या?"

महादेवराव म्हणाले, "तिथंच. पडवीत. छातीत कळ आली अन्..." पुढं ते थांबले. भावाकडं पाहू लागले.

नत्थुजी खाली बसला. "म्या उचलाले गेलो तं मले झिनझिन लागलं," तो म्हणाला. "म्या न्हानीचा दिवा बंद केला. मंग तुमी सारे आले. दुसऱ्या दिवशी कोरडं होतं. तारेले हात लावून पाह्यला, काईच लागलं नाई. म्हटलं, आपल्याले भास झाला असन."

"वर्सभर सांगतलं नाईस?" महादेवरावांनी विचारलं.

"काय सांगू, दादा?"

जमुना येईपर्यंत धुण्याला बाई होती, ती भर उन्हाची येऊन जायची. दिवा लावून, ओल्या पायानं त्या तारेखाली उभी राहिली ती थेट जमुनाच.

पुंजाजीनं निघताना जमुनाला समजावून सांगितलं. माणसाला लाइन लागली तर त्याला हातानं ओढायचं नाही. आधी मेन बंद करायचा. ते जमलं नाही तर वाळलेल्या लाकडानं दूर लोटायचं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "दादा, मंग दांडा कोन पाडत होतं?"

त्यानं पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं ती वायर काढून टाकली, नवी लाकडी पट्टीवरून नेली, घराला अर्थिंग करून दिलं. जमुना माहेरी गेली नाही. नत्थुजी त्या दिवसापासून शेतातल्या झोपडीत राहायला गेला. सव्वासातला लाइन परत कधी गेली नाही.

पण त्या बुधवारी रात्री पुंजाजी घरी जेवायला बसला होता. त्याची बायको पंचफुला भाकर वाढता वाढता थांबली.

"तुमी कोनाचं धुनं धुऊन आले काय?"

"काहून?"

"हात पाहा."

त्यानं चिमणीच्या उजेडात हात धरले. डावा रोजच्यासारखा कोरडा होता. उजव्याची बोटं पांढरी पडली होती. दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी फुगून सुरकुतली होती. त्यानं पुसला. राख चोळली. चुलीवर धरला, चटका बसेस्तोवर धरला...

मास्तर थांबले.

"मंग?" चंद्रभाननं विचारलं.

"मंग काय. आता त्याची बदली अकोल्याले झाली हाये. मागच्या महिन्यात भेटला, हात मिळवला." मास्तरांनी आपला हात धोतराला पुसला. "अजून वाळला नाई."