मेलेल्या दीर्घिकेच्या कडा

"आजी, तुझ्या दीर्घिकेत वायू एवढा भरपूर, मग नवे तारे का होत नाहीत गं?"

अकरा वर्षांच्या कृत्तिकाने हे विचारलं, तेव्हा २०६१ साल चालू होतं आणि तिची आजी, डॉ. सुलभा केळुसकर, सकाळी कढवलेलं तूप बरणीत भरायला निघाल्या होत्या. दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे अफाट समूह) कशा बदलतात, हे पाहण्यात बाईंची चाळीस वर्षं गेली. उद्या त्यांचं निरोपाचं भाषण होतं आणि त्याची सुरुवात होती त्यांच्या पहिल्या शोधाने: के-४०७ ही दीर्घिका मेलेली आहे, तिथे नवे तारे जन्मत नाहीत. त्यावरच तर बाईंचं नाव झालं होतं!

"वायू तापलेला आहे, म्हणून," आजी म्हणाल्या. "तूप गरम असेतो पातळ राहतं, निवलं की कणी धरतं. वायूही निवला की गुरुत्वाकर्षणाने (वस्तुमानाच्या ओढीने) गोळा होतो आणि त्यातून तारा पेटतो. इथे मधल्या कृष्णविवराभोवतून तापलेले झोत सुटतात आणि ते वायूला निवूच देत नाहीत."

कृत्तिकाने पातेल्यात डोकावून पाहिलं. "पण हे मध्ये पातळ आहे आणि कडेला कणी धरलीय!"

"कडेला आधी निवतं, बाळा."

"मग दीर्घिकेच्या कडेला?"

आजीचा हात थांबला. "गुंडू, जुनं चित्र दाखव."

गुंडू म्हणजे घरचा यंत्रमानव. त्याने भिंतीवर एक तांबूस गोळा उमटवला. "कडा तुम्हीच कापल्या होत्या, बाई," तो म्हणाला. मधला उजळ भाग ठेवायचा आणि बाकीचं रिकामं समजून काढून टाकायचं, अशी तेव्हा पद्धतच होती. मग गुंडूने न कापलेलं मूळ चित्र शोधून काढलं. गोळ्याभोवती निळ्या ठिपक्यांचं फिकट कडं होतं. निळे तारे फार तापतात आणि लवकर संपतात. ते दिसतात, म्हणजे नुकतेच जन्मलेले असणार.

"अगं बाई!" आजी मटकन खुर्चीत बसल्या. वाईट वाटलंच त्यांना, का नाही वाटणार?

"कुणाला कळणार नाही, आजी. मी नाही सांगणार," कृत्तिका हळूच म्हणाली.

"तुला कळलं ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. बाईंनी पहिलंच चित्र कडांसकट दाखवलं.

"ही मेलेली आहे, असं मी चाळीस वर्षं सांगत आले. ती जिवंत आहे. चूक माझी, पकडली माझ्या नातीने. माझ्या यादीत अशा आणखी दोनशे बारा 'मेलेल्या' दीर्घिका आहेत. त्यांच्या कडा कोण बघणार?"

पहिल्या रांगेतून कृत्तिकाचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.