शेवटची गाडी येतपर्यंत

"झाल्या का सगळ्या?" शकुननं विचारलं.

"एक राहिली. शेवटची." भय्याजीनं घड्याळ पाहिलं आणि तो वैतागला. "कुठं अडकला का जाने! थांब इथंच. आलोच मी." असं म्हणून तो बांधावरच्या पळसाआड गेला. माणसाला जावं लागतं, काय करणार!

शकुन फाट्यावर एकटी राहिली. पौष संपत आला होता. भाताच्या बांध्यांमधलं धान केव्हाच घरी गेलं होतं, आणि ओल्या मातीत लाखोरीचं पीक निळं-निळं फुललं होतं. मुरमाच्या तांबड्या रस्त्यावर नऊ मोटरसायकलींनी उडवलेली धूळ अजून खाली बसली नव्हती.

तुमसरच्या अकरा हौशी मंडळींनी मोटरसायकल मंडळ काढलं, त्याला दोन वर्षं झाली होती. अध्यक्ष यादोराव. पंधरा वर्षं फौजेत ट्रक चालवलेला माणूस, त्यामुळे सहलीलाही शिस्त फौजेचीच. यादोराव सगळ्यांत पुढे. फाटा आला की त्यांच्या मागच्या गाडीनं तिथं थांबायचं, येणाऱ्या प्रत्येकाला हातानं वळण दाखवायचं आणि शेवटची गाडी दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. "मेला तं तिथंच मेला पायजे!" यादोराव बजावायचे. "अन् ज्या फाट्यावर मानूस दिसला नाई, तिथं गाडी सरळ घालायची. वळायचं असन तं आपला मानूस असनच!"

आज मंडळ चांदपूरच्या तलावावर जेवायला निघालं होतं. आणि शकुन भावामागे बसून आली होती, ती काही तलाव पाहायला नाही. भात गिरणीवाल्या पुंडलिकरावांचा लीलाधर तिला पाहणार होता. चहा-पोह्यांचा कार्यक्रम त्याला गावंढळ वाटायचा. "सहलीलेच आना बहिणीले," तो भय्याजीला म्हणाला होता. भय्याजी त्याच गिरणीत सुपरवायझर. नाही कसं म्हणणार? जेवण झाल्यावर तो लीलाधरला शब्द देऊन मोकळा होणार होता. शकुनला कोणी विचारलं नव्हतं, आणि बालवाडीतल्या चाळीस पोरांना दमात घेणारी शकुन घरात मात्र काही बोलली नव्हती.

धुळीतून शेवटची गाडी आली. जुनी राजदूत. टाकी एका रंगाची, मडगार्ड दुसऱ्या. स्वाराच्या तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, डोळे तेवढे मोकळे.

"बोहोत वेळ थांबा लागलं का जी?"

"वीस मिनिटं," शकुन फणकारली. "गाडी ढकलत आनली का काय?"

"एकाची क्लच वायर तुटली. बसवून देल्ली. आपलं कामच ते. कोनाचं काय तुटलं, काय पडलं..."

"अन् तुमची तुटली तं?"

"माझी कशी तुटन, बाई?" तो हसला. "माझ्या मागं कोनीच नसते."

हसत म्हणाला तो, पण शकुनला ते कुठंतरी लागलं. विषय बदलायला तिनं विचारलं, "मागून दिसते तरी काय तुमाले?"

"धूळ. अन् दहा पाठी." तो जरा थांबला... "आज एक वेणी बी."

"बाप्पा! तोंड तं दिसू द्या, कोन बोलून राहिलं ते कळन."

त्यानं दुपट्टा सोडला. नाकाच्या वर चेहरा मुरमासारखा तांबडा आणि खाली स्वच्छ सावळा! शकुनला हसू आवरेना. तोही आरशात बघून हसत सुटला. श्रावण नाव. दिघोरीचा, पार लाखांदूरकडचा. तुमसरला गॅरेज टाकून सहाच महिने झालेले.

"सिहोऱ्याच्या इकडं तं मी पहिल्यांदाच आलो," तो म्हणाला. "पन फाट्यावर मानूस असते ना आपला. मंग कायचं भेव?"

तेवढ्यात भय्याजी परत आला आणि हसू दोघांच्या ओठांवरच राहिलं.

नियमाप्रमाणे आता भय्याजीची गाडी श्रावणच्या पुढे. शकुननं एकदा मागे पाहिलं. मग केस सावरायला पाहिलं. मग पदर सावरायला... सिहोरा मागे पडलं तेव्हा सावरायचं काही उरलंच नव्हतं, तरी ती पाहतच होती. आपल्याला आज दाखवायला नेताहेत, हे ती साफ विसरली होती.

अशातच एका खड्ड्यानं दणका दिला. पितळी डबा कॅरिअरवरून सुटला आणि उतारावरून घरंगळत थेट खालच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात गेला.

"भाऊ, डबा! माझे लाखोरीचे वडे!"

"तुमी चाला!" श्रावणनं गाडी लावली, पॅन्ट दुमडायला घेतली. "काढून आनतो मी. माझंच काम आहे ते."

भय्याजी थांबलाच नाही. शकुन वळून पाहत राहिली. गुडघाभर पाण्यात उभं राहून श्रावणनं डबा डोक्यावर धरला आणि हात हलवला. मग वळण आलं.

पुढच्या फाट्यावर लीलाधर उभा होता. काळा गॉगल, कोरी करकरीत बुलेट. डावीकडचा रस्ता चांदपूरचा. सरळ रस्ता नाल्याकडे जात होता.

"आले का? बरं झालं बाप्पा. ऊन लागून राहिलं." त्यानं शकुनकडे नखशिखांत पाहिलं आणि किक मारली. "चाला, संगंच जाऊ."

"पन शेवटची गाडी यायची आहे," शकुन म्हणाली.

"तो मिस्त्री ना? त्याले माहीत असन रस्ता. सगळ्या दुनियेत फिरते तो."

*नाही माहीत त्याला.* शब्द अगदी ओठांवर आले होते. तिनं भावाकडे पाहिलं. भय्याजीनं फाट्याकडे पाहिलं, बुलेटकडे पाहिलं, खाली मान घातली... आणि गाडी डावीकडे वळवली. शकुन गप्प बसली. फाटा रिकामा राहिला.

तलावाचं पाणी उन्हात चमचमत होतं. सतरंज्या पसरल्या, पातेली उघडली. लीलाधर शेजारी बसून नव्या घराचं सांगत होता. किती खोल्या, कुठून फरशी आणली. शकुनचे कान रस्त्याकडे. दहा मिनिटं झाली. वीस झाली. डबा काढायला एवढा वेळ? राजदूतचा आवाज काही येईना. फाट्यावर माणूस नसेल तर सरळ... तो सरळच गेला असणार!

यादोरावांनी गाड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"दहाच? श्रावण कुठं आहे? अखेरच्या फाट्यावर कोन होतं?"

"मी होतो," लीलाधर निवांतपणे म्हणाला. "थांबलो ना! तो माझ्या डोऱ्यासमोरून सरळ गेला. मी हात बी दाखवला. ऐकत नाई तो कोनाचं."

यादोराव ताडकन उठले. "अरे, सरळ रस्त्यावरचा रपटा, तो बुटका पूल, पुरात वाहून गेला! बारा फूट खाली नाला आहे तिथं!"

भय्याजी पत्रावळीवरची शितं निवडत होता. वर बघेना. शकुनला कळत होतं, आता आपण बोललो तर भावाची नोकरी, ठरत आलेलं लग्न, सगळं धुळीला मिळेल. आणि नाही बोललो तर? एक माणूस नाल्यात पडला असेल, वर खोटाही ठरेल. ती उठून उभी राहिली.

"खोटं आहे, काका. फाटा रिकामा होता. हे आमच्यासंगं निघून आले. भाऊबी आला..." तिचा आवाज फाटला. "अन् मीबी आली. त्याले रस्ता माहीत नाई, हे मले माहीत होतं. तरी मी तोंड नाई उघडलं."

"शकुन!" भय्याजी ओरडला.

"ओरड, भाऊ. पन गाडी काढ पयले!"

यादोरावांनी लीलाधरकडे असं पाहिलं की त्याचा गॉगल आपोआप खाली उतरला. पुढच्या मिनिटाला दोन गाड्या सुटल्या, एक यादोरावांची, एक भय्याजीची. फाट्यावर येताच शकुन म्हणाली, "मले इथं उतरव."

"वेडी का काय तू?"

"एखांद वेळी तो दुसऱ्या वाटेनं परत आला, अन् फाट्यावर कोनी नसलं तं? आता नाई हलत मी इथून."

भय्याजीनं तिला उतरवलं. गाड्या नाल्याकडे गेल्या, धूळ उडाली आणि बसली.

शकुन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ऊन डोक्यावरून खांद्यावर आलं. एक बैलगाडी गेली. मोळी घेऊन दोन बाया गेल्या. "कोनाची वाट पाहून राहिली वं?" त्यांनी विचारलं. शकुनला सांगता येईना. कोण होता तो तिचा? सकाळी नाव माहीत नव्हतं, आणि आता त्या नावावाचून दुसरं काही सुचत नव्हतं. *माझ्या मागं कोनीच नसते...* त्याचं ते हसणं आठवलं आणि ती भररस्त्यात रडली. देवाला म्हणाली, वडे गेले, डबा गेला, लग्न गेलं, सगळं जाऊ दे... पण तेवढा तो येऊ दे.

मोटरसायकलचा आवाज आला. ती धावली. पण आवाज तलावाकडून येत होता. लीलाधर होता.

"किती वेळ उभ्या राहान? लोकं हसून राहिले तिकडं." तो जवळ आला, आवाज खाली आणला. "झालं-गेलं विसरतो मी. मनात नाई ठेवत. पन भय्याजीची नोकरी आमच्या गिरणीत आहे, हे तुमी विसरू नोका. बसा गाडीवर."

घरी माय होती, वहिनी होती, दोन लहान भाचरं होती. तिनं पदर कमरेला खोचला.

"तुमाले एका फाट्यावर अर्धा घंटा उभं राहवलं नाई," ती म्हणाली. "मी तुमच्या भरोशावर जलमभर कशी राहू?"

गाडी वळवायला लीलाधरला तीनदा किक मारावी लागली.

सावल्या लांब झाल्या तेव्हा नाल्याकडच्या रस्त्यावर तिघे दिसले. यादोराव पुढे, गाडी अगदी बैलाच्या चालीनं. भय्याजी स्वतःची गाडी तिकडेच ठेवून हँडल वाकलेली राजदूत ढकलत होता, घामानं निथळत. आणि यादोरावांच्या मागे... उजवा हात दुपट्ट्यानं गळ्यात बांधलेला, कपाळ खरचटलेलं, डाव्या काखेत चेपलेला पितळी डबा!

ती तिथंच मैलाच्या दगडावर बसली.

"अखेरच्या घडीले ब्रेक लागला," यादोराव म्हणाले. "गाडी गेली खाली, हा वरच्या झुडपात अडकला. हाताचं हाड हललं आहे. नशीब!" आणि ते उगाचच स्वतःच्या गाडीचा प्लग तपासायला लागले. फौजेतला माणूस, कधी पाठ फिरवायची ते त्याला चांगलं कळत होतं.

श्रावण तिच्यासमोर आला. डबा पुढे केला.

"झाकण नाई उघडलं. वडे कोरडे आहेत."

"आग लागो त्या वड्याले!" शकुन रडता-रडता ओरडली. "दुखते का?"

"दुखत होतं..." तो म्हणाला. "फाट्यावर कोनी दिसलं नाई, तं वाटलं सरळच असन. झुडपात अडकून पडलो तवा वाटलं, आता आपल्याले पाहाले कोन येते? आपल्या मागं कोन आहे?" त्यानं तिच्या धुळीनं माखलेल्या पायांकडे पाहिलं. "तुमी कवापासून उभ्या आहा इथं?"

"तुमी नवते तवापासून."

लाखोरीवरून गार वारा यायला लागला होता.

"मी मिस्त्री मानूस आहो, बाई," श्रावण हळूच म्हणाला. "हाताचा ऑइलचा वास काही जात नाई."

"मले नाव आहे. शकुन."

"...शकुन."

त्यानं नाव उच्चारलं मात्र, आणि दिवसभर अडकलेला तिचा श्वास मोकळा झाला. आवडला होता तिला तो. सकाळच्या त्या दोनरंगी तोंडासकट आवडला होता, आणि हे आता स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता.

"हात बरा झाला का या आमच्या घरी," ती म्हणाली. "माय आहे, भाऊ आहे. काय बोलायचं ते त्यायच्याशी बोला."

"अन् भय्याजी नाई म्हनला तं?"

"मंग अजून एकदा या."

"हात बरा व्हाले दोन महिने लागन. अन् त्याच्यावर उशीर झाला तं?"

"होऊ द्या," शकुन म्हणाली. "शेवटची गाडी येतपर्यंत मी नाई हलत."

मागे राजदूत स्टँडवर लावल्याचा आवाज झाला. भय्याजी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता. डोळेही पुसले त्यानं, पण ते घामाच्या नावावर खपलं.

"भाऊ, लीलाधर येऊन गेले," शकुन चाचरत म्हणाली. "नोकरीचं बोलत होते..."

"तुमसरात गिरण्या काय कमी आहेत?" भय्याजी म्हणाला. तो दगडावर बहिणीशेजारी बसला, डबा उघडला, एक वडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि दुसरा श्रावणच्या डाव्या हातावर ठेवला.

"लवकर ये रे बाबा," तो तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "हे पोट्टी खरंच नाई हलत. लहानपनापासून पाहून राहिलो मी."