निधी-निक्षेपासहित

शाईने माखलेला अंगठा कागदावर टेकायचा तेवढा राहिला होता... आणि चांगुणाने तो मागे घेतला!

"थांबा वं काकासाहेब. वाचलं तेचा अर्थ तर सांगा आधी."

काकासाहेब कोल्हारचे जुने दस्तलेखक. अंगठा देताना डोळे पुसणाऱ्या बहिणी त्यांनी उदंड पाहिल्या होत्या, पण प्रश्न विचारणारी ही पहिलीच! बापाच्या माघारी प्रवरेकाठची जमीन धाकट्या भावाच्या, सहादेवच्या एकट्याच्या नावावर करून द्यायला चांगुणा सासरहून आपणहून आली होती. आपला वाटा सोडताना तिला तिळभरही खंत नव्हती. माहेरचे दार तेवढे उघडे राहावे, एवढीच त्या प्रेमळ जिवाची आस! मात्र लहानपणापासूनची एक खोड होती, एखादी गोष्ट कळली नाही की विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी-निक्षेपासहित,'" काकासाहेबांनी चष्मा सावरत पुन्हा वाचले. "जल म्हंजे विहीर. तरू झाडं, तृण गवत, काष्ठ लाकूडफाटा..."

"मंग तरू आन् काष्ठ येगळं कशाला? झाड लाकडाचंच असतंय की!"

सहादेव हसला, उंबऱ्यातली त्याची बायको लंकाबाईही हसली. "अक्का, तुला वकीलच करायला पायजे हुतं!" सहादेव म्हणाला.

"उभं ते तरू, पडलं ते काष्ठ," काकासाहेब वैतागले. "पाषाण म्हंजे दगडधोंडा. आन् निधी-निक्षेप म्हंजे भुईत पुरलेलं जे काय आसंल ते. समदं सहादेवचं. टेकव अंगठा."

चांगुणाचे हसू ओठांवरच विरले.

"पुरलेलं बी?... मंग न्हाई! विहीर घ्या, झाडं घ्या. पुरलेलं मी न्हाई देनार!"

लंकाबाईने नवऱ्याकडे पाहिले, आणि सहादेवचा चेहरा उतरला.

"अक्का, बापानं पुरलेलं सोनं तुला दाखवलं आन् मला न्हाई? कुठं हाय?"

"वरच्या बांधाला... करंजाखाली."

"मोसंबी लावायला तोच बांध फोडायचाय मला! म्हनून आलीस व्हय? वाटा सोडायचं नुसतं निमित्त!"

ज्याला कडेवर घेऊन वाढवले, त्याच्याच तोंडून हे ऐकावे! चांगुणाचे काळीज फाटले. इतकी वर्षे उरात कोंडलेला हुंदका आता काही केल्या आवरेना.

"सोनं न्हाई रं बाबा... माझं लेकरू हाय तिथं!"

ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा सहादेव नगरच्या बोर्डिंगात शिकत होता. पाचवी पुजायच्या आतच बाळ गेले. नदीकाठी पुरले, असे बापाने घरात सांगितले होते. कारण शेतात लेकरू पुरलेय म्हटल्यावर उद्या येणारी सून त्या रानात पाऊल टाकायला भ्याली असती! पण पुराच्या पाण्यात नातू वाहून जाईल, या धास्तीने त्या म्हाताऱ्याने त्याला आपल्याच भुईच्या कुशीत ठेवले आणि जागा दाखवली ती फक्त लेकीला.

"दिवाळीला मी बांधावर बसले की तू इचारायचास, अक्का, हितं काय करती? मी म्हनायची, वारं खाते..."

"अक्का!..." सहादेवने तिच्या पायांवर लोळण घेतली. "मी नांगर घालनार हुतो गं तिथं! कुठं फेडू हे पाप?" लंकाबाईने पुढे होऊन नणंदेला पोटाशी धरले. भीती कसली अन् काय, तीही लेकराचीच आई होती.

"काकासाहेब," सहादेव तसाच बसून म्हणाला, "तेवढी जागा सोडून लिवा. ती अक्काची."

काकासाहेबांनी उपरण्याने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "जागा सोडली की तिच्या चारी अंगाला कोन हाय, ते लिवावं लागतंय. पूर्वेला कोन?"

"मी."

"दक्षिणेला?"

"मीच..." सहादेवने बहिणीचा हात आपल्या ओल्या गालाशी धरला. "पश्चिमेला मी, उत्तरेला बी मीच. काकासाहेब, लिवा... चारी अंगाला तेचा मामा हाय!"