बिनपापाची लिपस्टिक

"हे बघा, मी एवढंच विचारतेय... तुमची लिपस्टिक सशांच्या डोळ्यांत घालून बघता की नाही?"

सुरतेतल्या उधन्याच्या त्या एसटीडी बूथची काच पातळ होती आणि धनश्रीचा आवाज मुळीच पातळ नव्हता. बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसं एकदम गप्प झाली.

"शेड नकोय हो मला! उत्तर हवंय... हॅलो? हॅलो!"

मुंबईच्या कंपनीतल्या बाईंनी फोन ठेवून दिला होता. धनश्रीने रिसीव्हर असा आपटला की बूथवाला दत्तू खुर्चीतून अर्धा उठला. ती बाहेर आली, तर बाकाच्या टोकाला बसलेला टायवाला तरुण मांडीवरच्या बॅगेत तोंड लपवून हसत होता.

"हसायला काय झालं?"

"नाही... म्हणजे... सशाला लिपस्टिक कुठे लावत असतील, याचा विचार करत होतो."

"डोळ्यांत," धनश्री म्हणाली. "मान लाकडी चौकटीत अडकवतात. खालची पापणी ओढतात आणि आत घालतात. ससा ओरडत नाही फारसा, म्हणून तर ससाच घेतात. हसा आता."

तो हसला नाही. त्याचे डोळे मोठे आणि तपकिरी होते, आणि त्यांतलं हसू तिच्या देखत विझलं. त्याचंही तिला उगीचच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

"मी जयंत," तो हळूच म्हणाला. "तुम्ही आत्ता ज्या कंपनीला फोन केलात ना... तिथेच सेल्समन आहे."

"छान! मग सांगा, घालता की नाही?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही? मग विकता कसं?"

"गोड बोलून," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला.

धनश्रीने ओढणी खांद्यावर टाकली आणि तरातरा निघून गेली.

धनश्रीला रंगांचं वेड लहानपणापासून होतं. वडील धुडकू खानदेशातून सुरतेला आले ते कापडाच्या लूमवर कामाला. भेस्तानच्या चाळीत गल्लीतल्या कोणाचंही लग्न निघालं की नवरी धनश्रीसमोर येऊन बसायची. ओठांची कड रेखताना तिचा श्वाससुद्धा थांबायचा. पुढे ती बी.एस्सी. झाली आणि पलसाण्याच्या पुढे हायवेवर एका लॅबमध्ये लागली. तिथल्या प्राणिघरात सशांचे डोळे किती लाल झाले याची नोंद ठेवायचं काम तिच्याकडे आलं. एक उन्हाळा तिने ते केलं. मग एका सकाळी एका पांढऱ्या मादीने, दोन्ही डोळे चिकटलेले असताना, तिच्या बोटाचा वास घेतला आणि ते चाटलं. धनश्रीने एप्रन तिथेच काढून ठेवला आणि चालत हायवेला आली.

त्याच दिवशी घरातली मेकअपची पेटी तिने रिकामी केली. आता त्या पेटीत घरी धरलेलं काजळ, चंदन आणि कुंकू एवढंच उरलं होतं. नवऱ्या येत, पेटीत डोकावत आणि दुसरीकडे जात.

"इतला राग कसाले, पोरी?" आई धुरपदाबाई म्हणायची. "जग लावस, तू बी लाव."

"मला लावायचीच आहे गं!" धनश्री उसळून म्हणायची. "मला लाल लिपस्टिक लावायचीय आणि झोपही यायला हवीय. दोन्ही का मिळू नये?"

आठवडाभराने जयंत चाळीच्या जिन्यात उभा होता. हातात छोटीशी डबी.

"पत्ता कुणी दिला?"

"दत्तूने. 'ती भांडणारी मेकअपवाली' म्हटल्यावर नावही विचारलं नाही त्याने." त्याने डबी पुढे केली. "आमची नवीन हर्बल रेंज. वाचा मागे... 'ही कंपनी प्राण्यांवर चाचणी करत नाही.'"

तिने दोनदा वाचलं. मग भिंतीवरच्या आरशासमोर जाऊन टोपण उघडलं. डाळिंबी! नुसता वास घेऊनच ती क्षणभर थांबली. वरच्या ओठाची कमान, खालच्या ओठाचा मध्य, मग दोन्ही ओठ एकमेकांवर अलगद दाबले... कितीतरी दिवसांनी आरशातली मुलगी ओळखीची दिसली. मागे दारात उभा असलेला जयंत आरशात तिच्याकडे पाहत होता. तिने पाहिलं तशी त्याने घाईघाईने नजर छताकडे वळवली.

"कशी दिसतेय, ते तरी सांगा."

"सेल्समनचं ऐकू नये म्हणतात," तो म्हणाला. "पण... फार छान."

त्या हिवाळ्यात तापीकाठी पोंकाच्या गाड्या लागल्या आणि जयंतला भेस्तानला यायला रोज नवं कारण सापडू लागलं. ज्वारीचा कोवळा हिरवा पोंक, वर लिंबू आणि शेव. कागदाच्या एकाच पुड्यात दोघांची बोटं जात आणि एकमेकांना लागली की पटकन मागे येत. तिच्या पेटीत डाळिंबी आली, मग गुलाबी आली. नवऱ्या परत येऊ लागल्या.

"तुम्ही रागावलात की नाकाचा शेंडा लाल होतो," जयंत एकदा म्हणाला. "ती शेड आमच्याकडे नाही."

"रोज बघता की काय नाकाकडे?"

"नाकाकडे बघणं... त्यातल्या त्यात सुरक्षित आहे."

ती हसली, आणि नदीकडे तोंड करून बराच वेळ हसू दाबत राहिली.

मग सोनालीचं लग्न आलं. सोनाली तिची जिवाची मैत्रीण. धनश्रीने तिला अशी सजवली की मांडवात बायका वळून वळून बघत होत्या. स्वतः धनश्रीनेही डाळिंबी लावली होती. जेवणाच्या पंगतीत गोपाल भेटला, तिच्याबरोबर लॅबमध्ये असलेला. तो अजून तिथेच होता.

"कोणती लावलीस गं?" त्याने सहज विचारलं. तिने अभिमानाने नाव सांगितलं. गोपालचा घास हातातच राहिला.

"ही तर... आमच्याकडे आली होती. दिवाळीच्या आधी. डाळिंबी, गुलाबी, सगळ्याच."

"काहीतरीच काय! वर लिहिलंय, कंपनी चाचणी करत नाही."

"कंपनी नाहीच करत," गोपाल खाली बघत म्हणाला. "आम्ही करतो. ते पाठवतात."

धनश्री पंगतीतून उठली. नळावर जाऊन तिने हाताच्या पंजाने ओठ पुसले, मग पदराने, मग पाण्याने. पंजावर लाल फराटा उमटला. सोनाली समोर स्टेजवर हसत होती, त्याच रंगाने.

दुसऱ्या दिवशी ती थेट चौटा बाजारात गेली. भाईदासशेठच्या दुकानात जयंत ऑर्डर घेत उभा होता. तिने डबी काउंटरवर आपटली. ती गडगडत बांगड्यांच्या खोक्यांत जाऊन पडली.

"तू मला खोटं आणून दिलंस!"

आजवर ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती. तो फरक दोघांनाही ऐकू आला.

"धनश्री, अहो, त्याच्यावर लिहिलंय..."

"'ही कंपनी करत नाही'! ही! बाहेरून, पलसाण्याच्या पुढच्या माझ्या जुन्या लॅबकडून करून घेते! तू विचारलं होतंस कुणाला?"

गर्दी थबकली. भाईदासशेठ म्हणाले, "अरे बेन, शांति राखो..." तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बांगड्या मोजू लागले.

"विचारलं होतंस?"

"...नाही."

"का?"

"विचारलं असतं," जयंत अडखळत म्हणाला, "आणि उत्तर वाईट आलं असतं, तर... तुमच्यासाठी आणता आली नसती. तुम्ही त्या दिवशी आरशासमोर इतक्या..."

"खबरदार! माझ्या आनंदावर ढकलू नकोस." तिचा आवाज फाटला. "मला वाटलं, एक तरी माणूस... जाऊ दे. लोक खोटं बोलतात ते मला समजतं, जयंत. पण तू विचारायचीही तसदी घेतली नाहीस. त्याचं काय करू मी?"

ती चालू लागली. तो मागे आला नाही, आणि याचाही तिला राग आला.

महिनाअखेरीस रिंगरोडवरच्या एका हॉटेलात त्याच कंपनीने सुरतेच्या सगळ्या पार्लरवाल्यांना बोलावलं. नव्या रेंजचा गाजावाजा, जेवण, भेटीची पिशवी. धनश्रीलाही निमंत्रण होतं. तिने ठरवलं, सगळ्यांसमोर उभं राहून विचारायचं. चाळीच्या गच्चीवर तिने तो प्रश्न मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला.

हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत ती बसली. स्टेजवर मुंबईचे साहेब, आणि रेंजची ओळख करून द्यायला माइकपाशी जयंत. तो वाळलेला दिसत होता. धनश्रीने ठामपणे फुलदाणीकडे बघायचं ठरवलं.

"बहेनो," जयंतने सुरुवात केली आणि थांबला. हातातला कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला. "ही शेड विकण्याआधी मला साहेबांना एक विचारायचंय. ही पलसाण्याच्या पुढच्या लॅबमध्ये सशांच्या डोळ्यांत घालून पाहिली होती का? मी त्या लॅबच्या फाटकाशी जाऊन आलोय. आपल्या कंपनीची खोकी मी स्वतः आत जाताना पाहिली. डबीवर आपण वेगळं छापलंय. हो की नाही, एवढंच सांगा."

साहेब हसले. "जयंत, ही टेक्निकल गोष्ट आहे..."

"हो की नाही, सर?"

माइक बंद झाला. कुणीतरी जयंतचा दंड धरला. तेव्हा तिसऱ्या रांगेतून धनश्री उभी राहिली. तिला माइकची कधीच गरज नव्हती.

"उत्तर द्या! मी होते तिथे! माझ्या हाताने मी त्या डोळ्यांच्या नोंदी केल्यात!"

हॉलमध्ये कुजबुज उसळली. लिंबायतच्या पार्लरवाल्या मंगलाबाई उठल्या, त्यांनी भेटीची पिशवी टेबलावर उलटी केली आणि चालत्या झाल्या. त्यांच्यामागे आणखी काही जणी. बाकीच्या बसून राहिल्या. बऱ्याच जणींनी जेवणाची चौकशीही केली. साहेबांनी उत्तर दिलंच नाही.

बाहेर रिंगरोडवर रिक्षा आणि टेम्पोंचा गोंगाट होता. जयंत टाय सोडत पायऱ्या उतरला. धनश्री कमरेवर हात ठेवून उभी होती.

"माझा प्रश्न होता तो!"

"माहीत आहे."

"मी पाठ केला होता! तीन भाषांत!"

"मी एकाच भाषेत विचारला," तो म्हणाला. "चुकलं का?"

"नोकरी गेली ना तुझी?"

"आतच गेली."

"मूर्ख आहेस तू. घरी काय सांगणार?"

"बाबा बँकेत आहेत. लिपस्टिकपायी नोकरी घालवली, हे त्यांना कसं सांगायचं त्याचाच विचार करतोय."

तिला हसू फुटलं. ते तिने रागाने गिळलं, पण डोळ्यांत पाणी आलं ते गिळता येईना. जयंत एक पायरी खाली आला.

"तुझा राग मला आवडतो, असं काही मी म्हणणार नाही. मला त्याची भीती वाटते. चौटा बाजारात तू गेलीस ना... तेव्हा कळलं, की तू ज्या बाजूला रागावून उभी असतेस, त्या बाजूला मला उभं राहायचंय. कायमचं. बस्स."

एक बस हॉर्न वाजवत गेली. तिने त्याच्या गळ्यात लटकणारा टाय ओढून काढला आणि नीट गुंडाळून त्याच्या हातात दिला.

मग दोघं शोधायला लागले. जयंतच्या स्कूटरवरून सुरतेतली दुकानं झाली, दत्तूच्या बूथवरून गावोगावच्या कंपन्यांना फोन झाले. कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या, कुणी 'आयुर्वेदिक आहे' एवढंच सांगत राहिलं. धनश्री प्रत्येक फोननंतर तणतणायची आणि जयंत तिला चहा पाजायचा. शेवटी मंगलाबाईंनी कामरेजच्या शोभाबाईंचं नाव सांगितलं.

शोभाबाई पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन बायकांना हाताशी घेऊन त्या एरंडेल, झाडाचं मेण आणि खनिज रंगांपासून लिपस्टिक बनवत. धनश्रीने दुपारभर त्यांची उलटतपासणी घेतली. मेण कुठलं? लाल रंगासाठी किडे वाटलेले नाहीत ना? ज्यांच्याकडून माल घेता, ते काय करतात? चाचणी कशावर?

"ह्याच्यावर," शोभाबाईंनी बाही वर करून स्वतःचा हात दाखवला. कोपरापर्यंत रंगांचे पट्टे होते. "आणि पोरी, तू लिपस्टिक घ्यायला आलीयस की मला अटक करायला?"

धनश्री लाजली. शोभाबाई चहा टाकायला आत गेल्या. समोर टेबलावर चारच रंग होते. गुलाबी अगदीच फसलेला, एकाला एरंडेलाचा वास. पण विटकरी... तिने तो जयंतच्या मनगटावर ओढून पाहिला, मग शेडच्या खिडकीच्या काचेत बघत ओठांवर लावला. रंग मऊ होता, जरा जाडसर, आणि तिच्या सावळ्या चेहऱ्यावर दिवा लावल्यासारखा दिसत होता.

"कशी दिसतेय?"

"चिडलेली."

"आहेच मी. तिकडे ते ससे आत्ताही आहेत, जयंत. ही एक मिळाली म्हणून माझा राग जाणार नाही. सांगून ठेवते."

"बरं."

"जन्मभर असाच राहील कदाचित."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. आतून कपबशांचा आवाज आला. ती टाचा उंचावून पुढे झाली, त्याच्या गालावर ओठ टेकवले आणि झटकन मागे सरून लिपस्टिकचं टोपण लावू लागली.

"रविवारी घरी ये," ती टोपणाकडे बघत म्हणाली. "आईशी बोलायला. आई अहिराणीत उलटसुलट विचारेल. घाबरू नकोस."

जयंतने मान हलवली, दोनदा, तीनदा.

परतताना स्कूटर हायवेला लागल्यावर धनश्रीच्या लक्षात आलं, त्याच्या गालावर विटकरी ओठ जसेच्या तसे उमटलेले होते. शेजारून जाणाऱ्या ट्रकमधला क्लीनर दात काढत बघत होता.

"अरे, पूस ते आधी! लोक बघतायत!"

"बघू देत."

"जयंत, मी रागावेन हं!"

"रागाव," तो वाऱ्यात ओरडला. "ह्यात कुणाला दुखवलेलं नाही. मी कशाला पुसू?"

ती खरोखरच रागावली. रागाने तिने त्याच्या पाठीत एक धपका घातला, आणि मग पडू नये म्हणून, किंवा तेवढ्यासाठीच नव्हे, दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलं.